काक्षी फुटला की दोन सूर्य दिसतील?

‘मृग नक्षत्रातला काक्षी तारा फुटणार, आकाशात दोन सूर्य दिसणार, रात्र होणारच नाही!’ सोसायटीच्या ग्रुपवर हा संदेश अधूनमधून येतो. त्यातलं निम्मं खरं आहे. काक्षी अतिनवतारा होऊन (म्हणजे आयुष्याच्या शेवटी प्रचंड स्फोट होऊन) फुटणार, पण येत्या लाखभर वर्षांत कधीतरी. नेमकी तारीख कुठलाही खगोलशास्त्रज्ञ देऊ शकत नाही.

दुसऱ्या सूर्याचा हिशेब वहीत मांडून बघा. सूर्य ८ प्रकाशमिनिटांवर, काक्षी साधारण ६०० प्रकाशवर्षांवर, म्हणजे जवळजवळ ४ कोटी पट लांब. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. स्फोट १ अब्ज सूर्यांइतका धरला, तरी आपल्यापर्यंत सूर्याच्या दहा लाखाव्या भागाहून कमीच पोचेल. पौर्णिमेचा चंद्रसुद्धा त्याहून उजळ! दिवसा मात्र ठिपका दिसेल. १०५४ साली वृषभात फुटलेला तारा २३ दिवस दिवसाढवळ्या दिसल्याची चिनी नोंद आहे.

जानेवारीत रात्री आठच्या सुमारास सिंहगडाच्या पायथ्याहून पूर्वेकडे बघा. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या डावीकडे जो तांबूस तारा दिसतो, तोच काक्षी.