आदिवासी चित्रकला आणि राजकीय चळवळ (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियातील आदिवासी कलावंतांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमिनीचे हक्क, वसाहतकाळातील हत्याकांडे, पोलीस कोठडीतील मृत्यू आणि स्वतःच्या चित्रांवरील मालकी या प्रश्नांसाठी चालवलेली कलानिर्मिती. समीक्षेत बराच काळ ‘वाळवंटातील पारंपरिक’ आणि ‘शहरातील राजकीय’ अशी विभागणी रूढ होती. ती फारशी टिकत नाही. या समाजांत विशिष्ट कुळाला विशिष्ट भूमीची चित्रे काढण्याचा अधिकार असतो, आणि तो अधिकार असणे म्हणजेच त्या भूमीशी नाते असणे. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव असण्याला जे मोल आहे, जवळपास तेच तिथे या चित्रांना आहे. म्हणून ठिपक्यांचे आणि जाळीदार रेषांचे जे चित्र दिवाणखान्याची शोभा म्हणून विकले जाते, ते काढणाऱ्याच्या लेखी हक्काची नोंद असू शकते.

हे सरकारदरबारी पहिल्यांदा ठळकपणे मांडले गेले ते १९६३ मध्ये. उत्तरेकडील आर्नहेम लँडच्या राखीव क्षेत्रातून ३०० चौ. किमी.हून अधिक जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी वेगळी काढण्याचा निर्णय सरकारने घेतला. तिथे राहणाऱ्या योलंगू लोकांना कोणी विचारले नव्हते. यिर्काला येथील पुढाऱ्यांनी संसदेला अर्ज लिहिला, एक मजकूर आपल्या भाषेत आणि एक इंग्रजीत. टंकलिखित कागद झाडाच्या सालीवर चिकटवला आणि सभोवती आपापल्या कुळांची चित्रे रंगवली. संसदेला अपेक्षित असलेला अर्जाचा नमुना आणि योलंगूंच्या लेखी ग्राह्य असलेला पुरावा एकाच सालीवर आले. सह्या करणाऱ्यांना समाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे का, अशी शंका मंत्र्यांनी काढली, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या अंगठ्यांच्या ठशांसह पुन्हा अर्ज गेला. संसदीय समितीने नुकसानभरपाई द्यावी आणि पवित्र स्थळे राखावीत, अशी शिफारस केली. खाण मात्र झालीच. १९७१ मध्ये न्यायालयानेही योलंगूंचा दावा फेटाळला. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १९७६ मध्ये आर्नहेम लँड ज्यात येते त्या नॉर्दर्न टेरिटरी प्रदेशासाठी आदिवासी जमीन हक्क कायदा झाला. या प्रवासाचा आरंभ सहसा त्या सालींपासून सांगितला जातो.

पुढे चित्र थेट साक्षीला उभे राहिले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट सँडी वाळवंटातील ङुरारा समूहांना जमिनीवरील हक्क सिद्ध करायचा होता. १९९७ मध्ये त्यांनी सुमारे ८ बाय १० मीटरचा कॅनव्हास मिळून रंगवला. त्यात पाणवठे, टेकड्या आणि पूर्वजांच्या वाटा होत्या. न्यायाधिकरणासमोर तो जमिनीवर अंथरला गेला. साक्ष देणारा आपल्या पाणवठ्याच्या जागी उभा राहून आपल्या भाषेत बोलायचा. हक्काला मान्यता मिळायला २००७ साल उजाडले, तोवर रंगवणाऱ्यांपैकी काही जण हयात नव्हते.

योलंगूंनी हीच रीत समुद्रासाठी वापरली. १९९६ मध्ये मगरीच्या रूपातील पूर्वजाच्या पवित्र स्थळी बेकायदा मासेमारीच्या तळावर मगरीचे छाटलेले मुंडके सापडले. संतापलेल्या कलावंतांनी झाडाच्या सालींवर ८० चित्रे रंगवून किनारा, भरतीचे पाणी आणि त्यांवरील कुळांचे हक्क मांडले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्लू मड बे खटल्यात आदिवासींच्या जमिनीला लागून असलेल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील पाण्यावर त्यांचा ताबा मान्य केला.

१९८८ मध्ये गोऱ्यांच्या वसाहतीला २०० वर्षे झाली म्हणून देशभर सोहळे झाले. रामिंगिनिंग भागातील ४३ कलावंतांनी त्याच वर्षी २०० पोकळ ओंडके रंगवून उभे केले, दर वर्षामागे एक. मृतांच्या अस्थी ठेवण्यासाठी आर्नहेम लँडमध्ये असे ओंडके वापरतात. कल्पना जॉन मंडाइन यांची होती. हे स्मारक आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्याच वर्षी आदिवासींच्या हक्कांची मागणी करणारे, चित्रांनी वेढलेले बारुंगा निवेदन पंतप्रधान बॉब हॉक यांच्या हाती दिले गेले. त्यांनी आदिवासींशी तह करण्याचे वचन दिले. तह झाला नाही. डिसेंबर १९९१ मध्ये पद सोडताना हॉक यांनी ते निवेदन संसद भवनात लावण्याचे काम तेवढे केले.

शहरी कलावंतांनी वेगळी हत्यारे वापरली. सिडनीत १९८७ मध्ये बूमाली ही सहकारी संस्था आणि ब्रिस्बेनमध्ये २००३ मध्ये प्रॉपानाऊ हा गट उभा राहिला. २००३ मध्येच रिचर्ड बेल यांनी आदिवासी कला ही गोऱ्यांचीच गोष्ट आहे, असे चित्रावरच लिहिले. रोख बाजारावर होता, आणि त्या चित्राला प्रतिष्ठेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. शहरापासून दूर, वाळवंटी भागातले मुमू माइक विल्यम्स टपाल खात्याच्या जुन्या पोत्यांवर रंगवत. पोत्यावर छापलेले असे की चोरी किंवा गैरवापर केल्यास शिक्षा होईल. भोवती ते आपल्या पिट्जनजाजारा भाषेत जमिनीबद्दल लिहीत. आता चोर कोण, हे बघणाऱ्याने ठरवायचे.

फियोना फोली यांनी तर धूर्तपणाच केला, आणि तो क्षम्य आहे. २००४ मध्ये ब्रिस्बेनच्या दंडाधिकारी न्यायालयाबाहेर त्यांना शिल्प करायचे होते. त्यात कांस्याची कमळे, राखेने भरलेले खांब आणि फरशीवर कोरलेली गावांची नावे होती. नावे वणवे आणि पूर आलेल्या ठिकाणांची आहेत, असे त्यांनी सांगितले. शिल्प बसल्यावर खरे बाहेर आले. ती ९४ नावे क्वीन्सलंडमधील हत्याकांडांच्या जागांची होती. राख आणि पाणी हे प्रेते जाळण्याचे आणि नदीनाल्यांत फेकण्याचे सूचन होते. न्यायालयाच्या दारात हे उघडपणे करू दिले असते का, शंकाच आहे.

चित्रांच्या मालकीचा लढाही याच चळवळीचा भाग आहे. व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर परवानगीविना आदिवासी चित्रे उतरवल्याबद्दल १९९४ मध्ये न्यायालयाने कलावंतांच्या बाजूने निकाल दिला. हॅरल्ड थॉमस यांनी १९७१ मध्ये रेखलेला लाल, काळ्या आणि पिवळ्या रंगांचा ध्वज मोर्चांत सर्रास वापरला जाई. पण स्वामित्वहक्क त्यांच्याकडे होता आणि कपड्यांचा परवाना एका बिगर-आदिवासी कंपनीकडे गेल्यावर आदिवासींनाच अडवले जाऊ लागले. मोठ्या मोहिमेनंतर २०२२ मध्ये सरकारने दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजून हक्क विकत घेतले. त्याच वर्षी एका सरकारी अहवालात असे दिसले की आदिवासी शैलीच्या भेटवस्तूंपैकी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश वस्तू आदिवासींनी केलेल्या नसतात.

२०२४ च्या व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात आदिवासी कलावंत आर्ची मूर यांच्या कलाकृतीला राष्ट्रीय दालनांसाठीचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. ऑस्ट्रेलियाला तो प्रथमच मिळत होता. काळ्या भिंतींवर आणि छतावर खडूने रेखलेला प्रचंड वंशवृक्ष, मध्ये पाणी, आणि पाण्यावरच्या मेजावर कागदांच्या चळती. हे कागद मुख्यतः आदिवासींच्या कोठडीतील मृत्यूंचे अधिकृत अहवाल होते आणि त्यांतील नावे काळी केलेली होती. नंतर ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ही कलाकृती विकत घेऊन क्वीन्सलंडच्या आणि लंडनच्या टेट या कलादालनांना दिली.