भाडेवाढीचे ४ टक्के आले कुठून?

महाराष्ट्रात घरभाडे वाढवण्याचा विषय निघाला की ‘वर्षाला ४ टक्के’ हा आकडा लगेच पुढे येतो. आकडा खरा आहे, पण तो प्रत्येक भाड्याच्या घराला लागू नाही.

मुंबईत भाड्यावर पहिला लगाम आला १९१८ मध्ये, महायुद्धाच्या काळात, आणि तोही तात्पुरता. दुसऱ्या महायुद्धात निर्बंध परत आले आणि १९४७ च्या कायद्याने त्यांना पक्के रूप दिले. हा कायदाही मुदतीचाच होता. मुदतवाढ मिळत मिळत तो पन्नास वर्षे चालला.

त्यातला सगळा गुंता ‘प्रमाण भाडे’ या शब्दात आहे. ऐकणाऱ्याला वाटते, जागेचे क्षेत्रफळ, वस्ती, बांधकाम पाहून ठरवलेले वाजवी भाडे असेल. प्रत्यक्षात तो शब्द मुख्यतः एका तारखेला बांधलेला होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जागा ज्या भाड्याने दिलेली होती, ते तिचे प्रमाण भाडे. त्या दिवशी जागा रिकामी असेल तर त्याआधीचे शेवटचे भाडे, आणि ती नंतर पहिल्यांदाच भाड्याने गेली असेल तर ते पहिले भाडे. त्यामुळे एका चाळीत, एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून असलेल्या सारख्याच दोन खोल्यांची प्रमाण भाडी वेगळी असू शकत. एक १९३८ पासून भाड्याने, दुसरी १९५५ मध्ये प्रथमच दिलेली, एवढाच फरक.

प्रमाण भाड्याहून जास्त घेणे बेकायदा होते. कर वाढले किंवा मालकाने जागेत सुधारणा केली, तरच ठरलेल्या मर्यादेत वाढ मिळे. जुन्या चाळींतल्या पावतीवर हे नीट दिसते. वर भाडे, खाली कर आणि १९६९ च्या कायद्याने आलेला दुरुस्ती उपकर. खालच्या रकमा बदलत गेल्या, वरची जिथल्या तिथे राहिली. मालक दुरुस्तीला हात आखडू लागले. भाड्यातून जे मिळत नव्हते ते पागडीतून, म्हणजे जागा देताना एकरकमी घेतलेल्या पैशातून, पावतीविना घेतले जाऊ लागले. तेव्हा पागडी घेणे गुन्हा होता.

शेवटी मालकांनी या गोठवलेल्या भाड्यालाच न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर १९९७ मध्ये निकाल आला: प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. तरीही त्या रद्द केल्या नाहीत, कारण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणार होती आणि नवा कायदा अपेक्षित होता. हा निकाल मालकांचा विजय म्हणून सांगितला जातो. मला तो पन्नास वर्षे टाळलेल्या कामाची आठवण वाटतो. मधल्या काळात थोडी थोडी वाढ देता आली असती, तर किती इमारतींची डागडुजी वेळेवर झाली असती.

नवा कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. १ ऑक्टोबर १९८७ पूर्वी दिलेल्या जागांच्या भाड्यात ५ टक्के भर पडली आणि पुढे दर वर्षी ४ टक्के वाढीचा हक्क मालकाला मिळाला. पागडीही कायदेशीर झाली. ४ टक्के सरळ धरले तर पंचवीस वर्षांत भाडे दुप्पट होते, चक्रवाढ धरले तर अडीच पटीहून जास्त. मुळातले भाडे इतके कमी, की दोन्ही हिशेबांत ते बाजारभावाच्या जवळपासही जात नाही.

आज घर शोधणाऱ्या तरुण कुटुंबाच्या हातात मात्र बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याच्या परवानगीचा, कागद असतो. बोलताना आपण त्यांना भाडेकरूच म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत ते परवानाधारक. १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला होता. नंतरच्यांना तो मिळाला नाही. ४ टक्क्यांची मर्यादा त्यांच्यासाठी नाही. ‘अकरा महिन्यांनी १० टक्के’ हाही कायदा नाही, नुसता रिवाज आहे.

त्यांना आधार एवढाच, की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि तशी नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

२०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राज्यांसाठी नमुना म्हणून आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. करारात वेगळे काही नसेल तर वाढीच्या तीन महिने आधी लेखी नोटीस, असे त्यात आहे. पण तो राज्यांवर बंधनकारक नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या परवानाधारकासाठी वाढ म्हणजे करारात लिहिलेला आकडा. तो लिहिलेला नसेल, तर मुदत संपेपर्यंत मालकाला एकतर्फी भाडे वाढवता येत नाही.