घटस्फोटाचा अर्ज: संमतीने असो वा एकतर्फी, कोर्टात काय काय लागतं

स्टॅम्पपेपरवर दोघांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का झाला की फारकत झाली, असं आजही अनेक घरांत मानलं जातं. त्या कागदाने लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 प्रमाणे त्यासाठी कोर्टाचा हुकूमनामाच (निकालाचा अधिकृत आदेश) लागतो. समाजाच्या रूढीनुसार झालेली सोडचिठ्ठी हा अपवाद आहे, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते.

दोघं राजी असतील तर कलम 13-ब खाली एकत्र अर्ज करता येतो. त्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. घर वेगळं असलंच पाहिजे असं नाही. एका छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नांदणं थांबलं असेल तर ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये स्पष्ट केलं आहे. अर्जानंतर सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा मागणी करायची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालापासून हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात. त्यासाठी साधारण दीड वर्षाचा दुरावा आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळं मिटलेलं असावं लागतं. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं.

खरी मेहनत कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींवर घ्या. ‘स्त्रीधन परत मिळालं’ एवढंच लिहून सही करू नका. पाटल्या, मंगळसूत्र, भांडी असं एकेक नाव लिहा. पोटगीची रक्कम, हप्त्यांच्या तारखा, मुलांच्या भेटीचे दिवस, जोडीने घेतलेलं गृहकर्ज कोण फेडणार, सगळं कागदावर आणा. जे तोंडी राहतं तेच पुढे छळतं.

एकाची संमती नसेल तर कलम 13. क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षं सोडून जाणं अशी कारणं पुराव्यानिशी मांडावी लागतात. समन्स, लेखी कैफियत (समोरच्याचं उत्तर), समुपदेशन, साक्षी, उलटतपासणी यात वर्षं जातात. लग्नाला वर्ष झालेलं नसेल तर सहसा अर्जच घेतला जात नाही. खटला चालू असताना कलम 24 खाली अंतरिम पोटगी मागता येते; 2020 पासून त्यासाठी दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

कागदपत्रं: विवाह नोंदणी दाखला (नसल्यास लग्नपत्रिका, फोटो), आधार, पत्त्याचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, पगारपत्रकं किंवा आयकर विवरणपत्रं.

अर्ज कौटुंबिक न्यायालयात करायचा. जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायालयात. लग्न झालं ते ठिकाण, शेवटचं एकत्र राहण्याचं ठिकाण किंवा समोरच्याचा पत्ता, यांपैकी कुठेही चालतं. पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथेही. वकिलाची फी परवडत नाही म्हणून बायकांनी गप्प बसू नये: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

लढून मिळालेल्या हुकूमनाम्यावर 90 दिवसांत अपील होऊ शकतं. ती मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालंच तर ते फेटाळलं जाईपर्यंत, दुसरं लग्न करता येत नाही.