पाळीव कुत्रा चावला तर तक्रार कशी करावी? आधी केसपेपर नीट लिहून घ्या

दूध घालायला, मीटरचं रीडिंग घ्यायला किंवा लग्नाची पत्रिका द्यायला कुणाच्या आवारात गेलात आणि तिथला पाळीव कुत्रा चावला, तर जबाबदारी तो ज्याच्या ताब्यात आहे त्याची. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार जनावराबाबत पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘आमच्या फाटकाच्या आत चावला, तुम्ही आलातच कशाला?’ एवढ्यावर मालक सुटत नाही. ‘कुत्र्यापासून सावध’ या पाटीनेही नाही. भिंतीवरून उडी टाकून आलेल्याची गोष्ट वेगळी. कुत्रा भाडेकरूचा असेल तर घरमालकाच्या मागे लागू नका.

तक्रार शक्यतो जखमीने करावी, मूल असेल तर आईवडिलांनी; पण घटना माहीत असलेला दुसरा कुणीही ती देऊ शकतो.

घोडं अडतं ते मालकी सिद्ध करताना. दवाखान्याच्या रांगेत माणूस ‘कुत्रं चावलं’ एवढंच सांगतो, केसपेपरवर तेवढंच उमटतं. चार दिवसांनी मालक म्हणतो, “ते आमचं नव्हे हो, येतं-जातं, आम्ही भाकरी टाकतो.” मग काय दाखवणार? म्हणून पहिल्याच दिवशी ‘अमक्याच्या घरचा पाळीव कुत्रा, त्यांच्या अंगणात’ असं लिहून घ्या. कुत्र्याचा पालिकेचा परवाना मागितला जातो, आणि तो सांगली-मिरजेत फारसा कुणाकडे नसतो. मळ्यातल्या वस्तीवर तर विचारूच नका. त्याऐवजी अंगणात बांधलेल्या कुत्र्याचा फोटो, जनावरांच्या डॉक्टरांकडचं मालकाच्या नावाचं लसीकरण कार्ड, शेजाऱ्यांचे जबाब चालवून बघा. ‘काळजी करू नका, खर्च देतो’ असा मालकाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला असेल तर तो पुसू नका. भल्याभल्यांनी पुसलाय.

पोलीस ठाण्यात केसपेपर, लसीचं कार्ड, फोटो आणि आधार न्या. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो, तरी हातात एनसीचा (अदखलपात्र नोंदीचा) कागद देऊन वाटेला लावतात. एफआयआरच मागा, प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी.

मुदतीचा घोळ मोठा. 1 वर्ष ही कोर्टाने दखल घेण्याची मर्यादा आहे, तुम्ही घरी बसून विचार करण्याची नव्हे. तपास आणि कागद कोर्टात जाणं यातच महिने जातात.

भरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो. ‘दाताच्या एका खुणेला 10,000 रुपये’ हा मेसेज घेऊन लोक येतात. तो 2023 चा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचा आदेश, मोकाट जनावरांबाबत आणि तिथल्या सरकारांसाठी. इथे बुडालेली मजुरी, प्रवासखर्च, औषधांची बिलं दाखवावी लागतात. सरकारी दवाखान्यात लस मोफत, म्हणून बिल नाही; पण बाहेरून घेतलेल्या गोळ्यांची पावती तरी ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट नाही.

आणि हे सगळं नंतर. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. दंडाच्या स्नायूतली रेबीजची लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, कातडीतली 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. शेवटच्या डोसला ‘आता बरं आहे की’ म्हणून दांडी मारतात.