भोक तापवलं की मोठं होतं की लहान?

"अरे, गॅस लावू नकोस त्याला! भोक आकसेल आणि बोल्ट अजून घट्ट बसेल." दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून आवाज दिला. कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगमध्ये गाडी खोलून बसलं की सल्ले वरून आपोआप पडतात. पण काकांचं आयुष्य चिंचवडच्या कारखान्यात गेलेलं, त्यामुळे त्यांचं बोलणं झटकून टाकवेना. शिवाय हा गैरसमज एकट्या काकांचा नाही. बारावीला फिजिक्स घेतलेली दहा माणसं पकडून विचारा, निम्मी तरी म्हणतील: धातू तापला की चहूबाजूंनी फुगतो, म्हणजे भोकाच्या आतही फुगणार, म्हणजे भोक लहान होणार.

गाडी मामाची, १९८४ सालची येझदी रोडकिंग मोटरसायकल. अकरा पावसाळे ताडपत्रीखाली काढलेली. ताडपत्री पाऊस अडवते खरी, पण फरशीतून चढणारी ओलही आत कोंडून ठेवते. क्लच कव्हरला मधल्या काळात कुणीतरी षटकोनी डोक्याचे बोल्ट बसवले होते. बाकीचे कुरकुरत निघाले, एक जागचा हलेना. मी रिंग पान्याला दीड फुटाचा पाईप लावला आणि अंग टाकलं. कट्! पाना मोकळा फिरला. निघाला म्हणून क्षणभर आनंद झाला, मग कळलं की डोकं पान्यात आलंय आणि बाकीचा बोल्ट इंजिनातच आहे.

हे होणारच होतं. ६ मिलिमीटरच्या बोल्टचा आट्यांच्या मुळाशी गाभा उरतो जेमतेम ५ मिलिमीटर. चांगल्या पोलादाचा असला तरी १५-१६ न्यूटन-मीटरच्या आसपास तो पिळून तुटतो. दीड फुटाच्या पाईपच्या टोकाला हा पीळ द्यायला साडेतीन किलो वजन पुरतं. एक भाजीची पिशवी. तिथे मी सत्तर किलोचा गडी लटकलो होतो.

मुळात बोल्ट जाम होतो म्हणजे काय होतं? कुणी जास्त आवळला म्हणून नव्हे, तर आट्यांमधल्या फटीत काहीतरी वाढून बसतं म्हणून. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. ५६ ग्रॅम लोखंडाची जागा साधारण ७ घनसेंटिमीटर, पण त्याचा नेहमीचा तपकिरी गंज झाला की सुमारे २१. जवळजवळ तिप्पट! जुन्या इमारतींच्या सज्जांचे पोपडे पडून आतली सळई दिसते, तेही याचमुळे. सळई गंजून फुगते आणि काँक्रीटला फोडते. बोल्टला फोडायला काही नसतं, म्हणून तो स्वतःच पाचर होऊन बसतो.

माझ्या बाबतीत तर दुप्पट गंमत. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचा खोका अ‍ॅल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल म्हणजे बारीकशी बॅटरीच. त्यात अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. तीही मूळ धातूच्या तिप्पट जागा मागते. फट असते मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. ती भरायला केसाच्या जाडीच्या निम्मा धातू खाल्ला गेला तरी पुष्कळ झालं.

आता भोकाकडे येऊ, मला खरं लिहायचं होतं ते हेच.

अ‍ॅल्युमिनियमचा एक अखंड पत्रा घ्या. त्यावर पेन्सिलीने वर्तुळ काढा, कापू नका. पत्रा तापवा. सगळा पत्रा सगळीकडे सारख्या प्रमाणात वाढेल, म्हणजे वर्तुळही मोठं होईल. यावर कुणाचा आक्षेप नसतो. आता तेच वर्तुळ तापवण्यापूर्वी कापा आणि चकती जागेवर तशीच ठेवा. तापल्यावर चकती वाढते, कारण ती धातूच आहे. भोवतालचा पत्राही पूर्वीसारखाच वाढतो, कारण कापलेल्या रेषेवर दोघं एकमेकांना ना ढकलत होते ना ओढत होते. मग चकती उचलून घेतली तर भोवतालच्या पत्र्याला काय फरक पडणार? भोक तेवढंच राहणार, वाढलेलं.

पटत नसेल तर भोकाच्या कडेचे अणू म्हणजे हात धरून रिंगण केलेली माणसं समजा. तापवलं की प्रत्येकाला शेजाऱ्यापासून जरा जास्त अंतर हवं असतं. रिंगण आकसलं तर माणसं जवळ येतील, म्हणजे उलटच होईल. अंतर वाढायला रिंगण मोठंच व्हावं लागतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती लाल तापवतो, चाकावर सरकवतो आणि पाणी ओततो. धाव आकसून लाकडाला करकचून धरते. तापलेलं भोक लहान होत असतं तर महाराष्ट्रात एक बैलगाडी चालली नसती.

आता आकडे. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला लांबीच्या दहा लाखांत २३ भाग वाढतं, पोलाद १२. दोन्ही १५० अंशांनी तापले तर ६ मिलिमीटरचं भोक सुमारे २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढेल आणि बोल्ट ११. फरक १० मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या सातव्या भागाएवढा. म्हणाल, एवढ्याने काय होतं? गंज आणि ती भुकटी खडूच्या जातीची असते. दाबलं तर सहन करते, ताणलं की तडकते. तापवणं-निववणं तीन-चारदा केलं की तडे पडतात आणि तेलाला वाट मिळते. त्या वाटेचंही गणित आहे. फट जितकी बारीक तितकी तेलाला आत खेचणारी केशाकर्षणाची ओढ मोठी, पण घर्षण त्याहून जास्त वाढतं. म्हणून तेल आत शिरतं पण हळू, आणि दुप्पट खोल जायला चौपट वेळ घेतं. तेल टाकून पाच मिनिटांनी पाईप शोधायला लागतात त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

पोलादी बोल्ट पोलादातच बसला असेल तर दोघं सारखेच वाढतात. तिथे बाहेरचा भाग झटकन तापवायचा, बोल्टपर्यंत उष्णता पोचण्याआधी.

अ‍ॅल्युमिनियम तापवताना एक धोका: ते लाल होऊन इशारा देत नाही. सहाशेच्या आसपास एकदम खाली बसतं. म्हणून मी तव्याची युक्ती वापरली. तापलेल्या धातूवर पाण्याचा थेंब टाकायचा. चर्र करून उडाला तर अजून थंड. थेंबाची गोळी होऊन पळायला लागली की दोनशेच्या जवळपास, बास. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवणं आणि इंजिनातलं ऑइल काढणं हे आधीच करायचं, सांगायला नको.

इंटरनेटवर बोल्ट कोलामध्ये बुडवायचे व्हिडिओ फिरतात. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं हे खरं, वरचा गंज थोडा खातंही, पण साखरपाणी फटीत शिरून तेलाचं काम करत नाही. डब्ल्यूडी-४० हा फवारासुद्धा १९५३ साली सॅन डिएगोत जन्मला तो पाणी हटवायला, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट'च. अडलेल्या बोल्टसाठी त्याहून चांगली तेलं मिळतात. घरातून आलेला सल्ला वेगळाच होता: शनिवारी लोखंड आणि तेल घरात आणू नये. मला सुट्टी शनिवारचीच, आणि हव्या होत्या नेमक्या त्याच दोन वस्तू. गंज वार पाहून चढत नाही, त्यामुळे दोन्ही आणल्या.

कव्हर उतरवल्यावर बोल्टचं सेंटिमीटरभर खुंट बाहेर राहिलं. तीन वेळा तापवलं, तेल सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी पकड लावली तर ती खुंटावर घसरली. शेवटी ग्रिलवाल्या वेल्डरला बोलावलं. त्याने खुंटावर ८ मिलिमीटरचा नट ठेवला आणि आतून वेल्डिंगने भरून टाकला. इथे काकांचं म्हणणं घटकाभर खरं ठरतं: आधी बोल्टच तापतो, फुगतो आणि भोकात आणखी आवळतो. पण त्या आवळण्यातच भुकटी चिरडली जाते आणि निवताना बोल्ट तिच्यापासून सुटतो. हात लावण्याइतकं निवल्यावर मी साधा पाना लावला. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलट. कर्र आवाज आला. पाव फेरा पुढे, थोडा मागे, तेल, पुन्हा पाव फेरा. दहा मिनिटांनी तो बाहेर आला, आट्यांत पांढरी भुकटी गच्च भरलेली.

काका खाली आले होते. मी विचारलं, "कारखान्यात बेअरिंग बसवताना त्याचं हाउसिंग, म्हणजे ते ज्या भोकात बसतं तो भाग, तापवत होता ना?"

"तापवायचो की. टप्पकन आत पडायचं."

"मग भोक मोठं होत असेल ना?"

काकांनी बोल्ट हातात घेतला, नखाने भुकटी खरवडून पाहिली आणि म्हणाले, "ते बेअरिंगचं वेगळं. हा तेलाने सुटला."