मानसशास्त्राच्या पदवीला गणित लागत नाही?

‘गणिताची भीती वाटते ना, मग मानसशास्त्र घे’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे. त्याच्या भरवशावर प्रवेश घेणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, तेव्हापासून या विषयात मोजमाप आहे. संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती पदवीला जवळपास सगळीकडे सक्तीच्या असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग घ्या. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि सांगायचा असतो शाईचा रंग. जीभ अडखळते. विद्यार्थ्याने प्रत्येकाला लागलेला वेळ नोंदवायचा, सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत) काढायचं. मग नुसत्या रंगीत चौकोनांचे रंग सांगायला लागलेल्या वेळाच्या तुलनेत दिसणारा फरक योगायोगानेही येऊ शकतो का, हे टी-चाचणीने, म्हणजे दोन सरासरींची तुलना करणाऱ्या चाचणीने तपासायचं.

कॅलक्युलस सहसा लागत नाही. टक्केवारी, सरासरी आणि आलेख वाचणं पक्कं असेल, तर बाकीचं सरावाने जमतं. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं; कोणती चाचणी लावायची, हे मात्र आपणच ठरवायचं असतं. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम मागवा आणि संख्याशास्त्र किती सत्रांत आहे ते बघा.