श्रवणाकलन

श्रवणाकलन : कानावर पडणाऱ्या बोलण्याचा अर्थ लावण्याची मानसिक प्रक्रिया. यात कान जेवढे पुरवतो त्यात मेंदू पदरची बरीच भर घालतो.

लिहिताना दोन शब्दांत जागा सोडतात, बोलताना सोडत नाहीत. सेकंदाला १०-१५ ध्वनी एकमेकांना चिकटून येतात आणि कुठे तोडायचे ते ऐकणाऱ्याने ठरवायचे. सभंग श्लेषासाठी, म्हणजे शब्द तोडला की दुसरा अर्थ निघतो अशा श्लेषासाठी, व्याकरणाच्या पुस्तकांत येणारी ‘नवरी’ आणि ‘न वरी’ (वरत नाही) ही जोडी यावरच उभी आहे. परकी भाषा फार भरभर वाटते, तीही बरीचशी हे सांधे सापडत नाहीत म्हणून.

गळलेले ध्वनी मेंदू स्वतःच भरतो. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये ध्वनिमुद्रित वाक्यातल्या ‘लेजिस्लेचर्स’ या शब्दातला एक ‘स’ कापून तिथे खोकला घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खाच ऐकू आला. खोकला नेमका कुठे आला, तेही सांगता येईना. डोळेही यात हात घालतात. कानावर ‘बा’ आणि समोर ‘गा’ म्हणणारे ओठ असतील, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येते (मॅगर्क व मॅकडॉनल्ड, १९७६).

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा प्रयोग मात्र कॅनडातला. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ इंग्रजीभाषक घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. म्हणजे वर्षाच्या आतच कान मातृभाषेपुरता बेतला जातो. ‘भातावर ताक टाक’ हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. इंग्रजीवर वाढलेल्या प्रौढाला त्यातले शेवटचे दोन शब्द वेगळे काढताना घाम फुटतो.

ऐकणारा वाक्य संपायची वाट पाहत नाही. विल्यम मार्स्लेन-विल्सन यांच्या १९७३ च्या प्रयोगात काही जण ऐकलेला मजकूर जेमतेम पाव सेकंद मागे राहून बोलून दाखवत, आणि त्यांच्या चुकाही वाक्यात चपखल बसणाऱ्या असत. मराठीत हा उतावळेपणा जरा जोखमीचा, कारण नकार बहुधा शेवटी येतो. ‘मी रात्री जेवायला येणार नाही’ म्हणताना फोन ‘येणार’पाशी तुटला, की घरी एक ताट जास्त मांडले जाते.